आधी उजेड, मग खत

काचेच्या टाकीत माशांसोबत पाणवनस्पती लावायच्या ठरवल्या की पहिला सल्ला ठरलेला असतो : पाण्यात खतबित काही घालू नका, शेवाळ माजेल. मासे विकणारा हे सांगतो, टाकी जोडून देणारा हेच सांगतो आणि वरच्या मजल्यावर वर्षानुवर्षं गोल्डफिश सांभाळणारे काका तर शपथेवर सांगतात. ही पुस्तिका त्या सल्ल्याच्या विरोधात जाते. तेव्हा सुरुवातीलाच त्याचा निकाल लावून घेतलेला बरा.

सल्ला उडवून लावण्यासारखा नाही. त्याला पुरावा आहे आणि तो ठाकुर्लीकराला लांब जाऊन शोधावा लागत नाही. आपल्या नळाला येतं ते पाणी उल्हास नदीचं. राजमाचीच्या परिसरात उगम पावून कर्जत, नेरळ, बदलापूर करत नदी कल्याणला येते. भर उन्हाळ्यातही ती वाहती राहते याचं बरंचसं श्रेय टाटांच्या भिवपुरी वीजकेंद्राला आहे. मावळातल्या ठोकळवाडी धरणाचं पाणी आधी तिथली जनित्रं फिरवतं, मग नदीत उतरतं आणि शुद्धीकरण केंद्रांतून आपल्या घरी पोचतं. वाटेत काठच्या वस्त्यांचं सांडपाणी त्याला येऊन मिळतं. सांडपाण्यातलं नत्र आणि स्फुरद, डोक्यावर ऊन आणि मंदावलेला प्रवाह एवढं जमलं की मोहन्याच्या आसपास नदीचं पाणी दिसेनासं होतं, दिसते ती फक्त जलपर्णी. ‘वनशक्ती’ या संस्थेने उल्हास आणि वालधुनीच्या प्रदूषणाचा प्रश्न राष्ट्रीय हरित लवादापर्यंत नेला, तो याच पाण्याचा. डोळ्यांसमोर असं चित्र असताना ‘पाण्यात खत म्हणजे हिरवा चिखल’ असं कुणाला वाटलं तर त्यात नवल नाही.

जाता जाता एक. जलपर्णी मूळची दक्षिण अमेरिकेतली. तिच्या जांभळ्या फुलांच्या हौसेपायी माणसाने ती जगभर नेली. म्हणजे हे आमच्यासारख्या हौशी मंडळींचंच जुनं पाप आहे. टाकीतली छाटलेली झुडपं, जास्त झालेला साल्विनिया, मरगळलेली वेल यांतलं काहीही नाल्यात, तळ्यात किंवा खाडीत टाकू नये. उन्हात वाळवून कुंडीत घालावं. पुस्तिकेत हे पुन्हा कुठे येणार नाही, म्हणून इथेच सांगून ठेवतो.

नदीच्या या साक्षीला प्रयोगानेही दुजोरा दिलेला आहे. १९७३ साली कॅनडातल्या ऑन्टारियो प्रांतात डेव्हिड शिंडलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक अख्खं तळं प्रयोगाला घेतलं. नकाशावर त्याला नाव नव्हतं, नुसता क्रमांक होता, २२६. तळ्याची कंबर बारीक, इंग्रजी आठच्या आकड्यासारखी. त्या कंबरेत त्यांनी पडदा टाकून तळ्याचे दोन भाग केले. एका भागात कर्ब आणि नत्र घातलं, दुसऱ्यात कर्ब, नत्र आणि स्फुरद. स्फुरदाचा भाग काही आठवड्यांत हिरवागार झाला. दुसरा भाग होता तसाच राहिला. विमानातून काढलेला त्या तळ्याचा फोटो पुढे इतका गाजला की कपडे धुण्याच्या पावडरीतल्या फॉस्फेटवर निर्बंध आणण्याच्या वादात तो पुरावा म्हणून मांडला गेला.

मत्स्यपेट्यांच्या जगाने या शास्त्राचा सरळ अर्थ लावला. १९९६ मध्ये पॉल सियर्स आणि केविन कॉनलिन या दोघा हौशी अभ्यासकांनी एक लेख लिहिला. त्याचा मथितार्थ असा : टाकीत नत्र, पालाश, लोह असू द्या, पण स्फुरदाची टंचाई ठेवा. वनस्पती ते थोडंथोडकं स्फुरद हिसकावून घेतील आणि शेवाळ उपाशी मरेल. युक्तिवाद सुबक होता आणि बऱ्याच टाक्यांत तो चाललाही. मग टॉम बार या अमेरिकन अभ्यासकाने उलट करून पाहिलं. झाडांनी भरलेल्या, भरपूर कर्बवायू सोडलेल्या टाकीत त्याने मुद्दाम फॉस्फेट, म्हणजे स्फुरदच, घातलं. शेवाळ आलं नाही. उलट झाडं तरारून उठली आणि काचेवरचे हिरवे ठिपके कमी झाले. यातूनच त्याची खत घालण्याची पद्धत निघाली. आठवडाभर सगळं सढळ हाताने घालायचं आणि आठवडा संपला की अर्धं पाणी बदलून हिशेब पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचा.

मग खरं कोण, शिंडलर की बार? माझ्या मते दोघेही. शिंडलरच्या तळ्यात पाण्यावर हक्क सांगायला दुसरं कुणी नव्हतं. आपल्या टाकीत, ती नीट लावलेली असेल तर, तळ झाडांनी झाकलेला असतो. नेदरलँडचे मार्टेन शेफर यांनी १९९३ मध्ये उथळ तळ्यांबद्दल नेमकं हेच मांडलं. तेवढ्याच पोषणद्रव्यांत तळं दोन अवस्थांत स्थिर राहू शकतं, एक नितळ आणि झाडांनी भरलेली, दुसरी गढूळ आणि शेवाळाने भरलेली. कुठल्या अवस्थेत आहे हे खतावर जेवढं ठरतं, तेवढंच आधी जम कुणाचा बसला यावर ठरतं. म्हणून पुस्तिकेतला एक हट्ट आताच कानावर घालतो. टाकी पहिल्या दिवशीच गच्च लावा. चार काड्या रोवून बाकीची जागा ‘वाढतील हळूहळू’ म्हणून मोकळी सोडलीत, तर ती जागा रिकामी राहत नाही.

आता पुस्तिकेचा मुख्य मुद्दा. टाकीत किती खत हवं हा प्रश्न आपण नेहमी खताच्या बाजूने विचारतो. तो दिव्याच्या बाजूने विचारायला हवा. झाड किती वेगाने वाढू पाहणार हे उजेड ठरवतो. उजेड म्हणजे पंगतीचं आमंत्रण. किती पानं मांडायची ते त्यानेच ठरतं, आणि नत्र, स्फुरद, पालाश, लोह नि कर्बवायू हा सारा स्वयंपाक त्या आकड्याला पुरावा लागतो. पानं पन्नास आणि भात वीस जणांचा, अशी गत झाली की झाडं कुपोषित होतात. जुनी पानं पिवळी पडतात, विरतात, पानांतली साखर आणि नत्रयुक्त पदार्थ पाण्यात झिरपू लागतात. शेवाळाला एवढंच हवं असतं. त्याची गरज इतकी सूक्ष्म असते की त्याला उपाशी मारायला जाल तर आधी झाडं मरतात. एकोणिसाव्या शतकात लिबिगने शेतीसाठी लोकप्रिय केलेला नियम, की पीक सर्वांत कमी असलेल्या घटकाइतकंच वाढतं, टाकीतही तसाच लागू आहे.

आणि त्या घटकांत सर्वांत आधी संपतो तो डोळ्यांना न दिसणारा कर्बवायू. हवेशी समतोल साधलेल्या पाण्यात तो लिटरला जेमतेम अर्धा मिलिग्रॅम असतो. शिवाय पाण्यात तो हवेपेक्षा सुमारे दहा हजारपट सावकाश पसरतो, म्हणजे पानाला चिकटलेल्या पाण्याच्या थरातला वायू झाडाने एकदा वापरला की पुढचा पोचायला वेळ लागतो. सिलिंडर लावणारे लोक ही पातळी तीस मिलिग्रॅमपर्यंत नेतात. हा साठपट फरक लक्षात घेतला, तर सिलिंडरशिवायच्या टाकीवर सिलिंडरवाल्यांचा दिवा टांगणं हा काय प्रकार आहे ते कळेल. सुंदर टाक्यांचे जे फोटो पाहून आपण या नादाला लागतो, ते बहुतेक ताकाशी अमानो या जपानी छायाचित्रकाराच्या परंपरेतले. अमानोंनी १९८२ मध्ये आपली कंपनी काढली आणि पाण्याखालची बाग ही कला म्हणून जगापुढे ठेवली. २०१५ मध्ये ते गेले. त्यांच्या टाकीवर प्रखर दिवा असे हे खरं. पण त्या दिव्याखाली वायू होता, रोजचं खत होतं, सतत पाणी बदलणं होतं, कात्री घेऊन बसलेली माणसं होती आणि शेवाळ खाणाऱ्या चिमुकल्या झिंग्यांची फौज होती. त्या झिंग्याला आज जगभर अमानोंच्याच नावाने ओळखतात. फोटोत मात्र दिवाच तेवढा उठून दिसतो, आणि आपण दिवाच तेवढा विकत आणतो.

आपल्याकडे हा धोका गेल्या काही वर्षांत वाढला, कारण एलईडी स्वस्त झाले. पूर्वी दोन फुटी टाकीवर एखादी ट्यूब असायची, तिचा उजेड तळापर्यंत पोचेपर्यंत निम्मा व्हायचा. झाडं रडतखडत वाढायची, पण शेवाळही बेताचं असायचं. आता त्याच किमतीत तिप्पट उजेड मिळतो. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच अशी टाकी म्हणजे मातीदगड वजा जाता साधारण पन्नास लिटर पाणी. वायू सोडणार नसाल तर तिला बारा ते पंधरा वॉटचा पांढरा एलईडी सहा-सात तास पुरे आहे. यापेक्षा मोठा दिवा आधीच घेतला असेल, तर तो टाकीपासून वर उचला किंवा त्याखाली दुधी कागद लावा. तास कमी करून प्रखरतेची भरपाई होते असं अनेकांना वाटतं. ती अर्धवटच होते. भरदुपारच्या उन्हात झाडाला जी तहान लागते ती दोन तासांतही लागतेच.

ठाकुर्ली हे विजेशी जुनं नातं असलेलं गाव. रेल्वेचं औष्णिक वीजघर इथेच चोळ्याला होतं आणि त्याच्या विजेवर गाड्या धावत. पण नव्वद फुटी रस्त्याच्या दोन्ही अंगांना उभ्या राहिलेल्या इमारतींत, खंबाळपाड्याकडच्या नव्या सदनिकांत टाकी लावणाऱ्याची खरी अडचण दिव्याची नसते. ती खिडकीची असते. दिवाणखाना पश्चिमेकडे उघडतो, टाकी टीव्हीच्या बाजूला म्हणजे नेमकी खिडकीसमोर येते, आणि मार्च ते मे या महिन्यांत चार ते सहा या वेळात तिरपं ऊन थेट काचेवर पडतं. भर उन्हाचा उजेड वनस्पतींच्या मापात सुमारे दोन हजार एकक असतो. आपल्या साध्या टाकीला तळाशी वीस-तीस एकक पुरतात. गजांतून, जाळीतून, काचेतून गाळून आलेलं ऊनही त्याच्या कित्येक पट असतं. दिव्याचा टायमर मिनिटामिनिटाने जुळवणाऱ्या माणसाची टाकी हिरवं पाणी का दाखवते याचं उत्तर बहुधा पडद्यात असतं.

टायमरचा मात्र एक फायदा पुस्तिकेत वारंवार सांगितला आहे, कारण आपल्या जगण्याशी तो जुळतो. सकाळच्या लोकलने निघून रात्री परतणाऱ्या माणसाने टाकीचा दिवस सकाळी सुरू करण्यात काय अर्थ आहे? झाडांना आपलं घड्याळ कळत नाही. दुपारी चारला दिवा लागून रात्री दहाला विझला तरी ती तेवढीच खूश असतात. घरी आल्यावर टाकी उजळलेली दिसते आणि उजेडाचे तासही वाढत नाहीत. ‘आलो की दिवा लावतो, झोपताना विझवतो’ म्हणणाऱ्यांच्या घरी शनिवार-रविवारी तो चौदा तास जळतो, आणि मंगळवारी दगडांवर हिरवे केस दिसू लागतात.

उन्हाळ्याबद्दल एक वेगळं प्रकरण आहे, कारण या विषयावरचं बहुतेक लिखाण थंड देशांत झालं आहे. त्यांना पाणी तापवायची चिंता, आपल्याला निववायची. मे महिन्यात वरच्या मजल्यावरच्या टाकीचं पाणी तीस-बत्तीस अंशांवर जातं. तिथे प्राणवायू विरघळतो लिटरला साडेसात मिलिग्रॅमच्या आसपास, वीस अंशांवर तो नऊच्या वर असतो. उष्णतेने झाडांचं श्वसन वाढतं, म्हणजे दिवसभर कमावलेली साखर रात्री जास्त जळते. अशा वेळी उजेड वाढवून झाडांना ‘ताकद’ देण्याचा मोह टाळावा. पाण्यावर छोटा पंखा सोडला की बाष्पीभवनाने दोन-तीन अंश उतरतात, पण कोकणपट्टीच्या दमट हवेत हा उपाय नागपूरइतका गुण देत नाही, हेही खरं. आणि वीज दोन-तीन तास गेली तर दिव्याची काळजी करू नका. फिल्टर बंद पडतो ती खरी हानी. त्यातले जिवाणू गुदमरले की अमोनिया साचतो, आणि शेवाळाला नायट्रेटपेक्षा अमोनियाचा धक्का जास्त मानवतो असा माझा आणि माझ्यासारख्या अनेकांचा अनुभव आहे.

आता खत. या बाबतीत महाराष्ट्रातला हौशी माणूस भाग्यवान आहे आणि त्याला ते ठाऊक नाही. परदेशी बाटलीतल्या रंगीत पाण्यासाठी तो हजार रुपये मोजतो. त्या बाटलीत जे असतं, त्यातलं मुख्य ते नाशिकचा आणि सांगलीचा द्राक्षवाला ठिबकमधून रोज सोडतो. तालुक्याच्या कोणत्याही कृषी सेवा केंद्रात जाऊन ‘तेरा-शून्य-पंचेचाळीस’ मागा. ते पोटॅशियम नायट्रेट. ‘झिरो-बावन्न-चौतीस’ म्हणजे मोनोपोटॅशियम फॉस्फेट. ‘झिरो-झिरो-पन्नास’ म्हणजे पोटॅशियम सल्फेट. सोबत चिलेटेड सूक्ष्म अन्नद्रव्यांची छोटी पुडी. झालं दुकान. शंभर लिटर पाण्यात एक ग्रॅम पोटॅशियम नायट्रेट विरघळवलं तर नायट्रेट सुमारे सहा मिलिग्रॅम प्रतिलिटरने वाढतं आणि पालाश जवळजवळ चारने. तेवढ्याच पाण्यात मोनोपोटॅशियम फॉस्फेटचा ग्रॅमचा दहावा भाग घातला की फॉस्फेट ०.७ मिलिग्रॅमने वाढतं. पन्नास लिटरच्या साध्या टाकीला आठवड्याला लिटरमागे दहा मिलिग्रॅम नायट्रेट द्यायचं म्हटलं तर एक किलोची पिशवी वीस वर्षांहून जास्त पुरेल. म्हणून चौघांत मिळून एक घ्या, हवाबंद डब्यात ठेवा, आणि डब्यावर नाव मोठ्या अक्षरांत लिहा. पांढरी पावडर स्वयंपाकघराजवळ बेनामी ठेवू नये.

एक पिशवी मात्र आणू नका, ‘एकोणीस-एकोणीस-एकोणीस’. दुकानदार तीच आधी पुढे करतो, कारण सगळं त्यात आहे. त्यातलं बहुतांश नत्र युरिया आणि अमोनियाच्या रूपात असतं. टोमॅटोला ते चालतं. माशांना चालत नाही, आणि शेवाळाला फार चालतं.

भूक म्हणजे काय हे पाहायचं असेल, तर पावसाळ्याच्या शेवटी कासला जावं. जांभ्या दगडावरच्या त्या पातळ मातीत नत्र इतकं कमी की ‘सीतेची आसवं’ ही नाजूक जांभळी वनस्पती मुळांसारख्या धाग्यांवर सूक्ष्म पिशव्या लावून पाण्यातले बारीक जीव पकडते आणि पचवते. त्याच पठारावर वायतुरा उगवतो. त्याचं शास्त्रीय नाव अपोनोजेटॉन सातारेन्सिस, साताऱ्यावरूनच पडलेलं. टाक्यांसाठी विकल्या जाणाऱ्या अपोनोजेटॉनचा तो सख्खा भाऊ. सिंधुदुर्गात क्रिप्टोकोरिन कॉग्नाटा आहे. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातले प्रा. एस. आर. यादव यांनी आपल्या या पाणवनस्पतींवर आयुष्यभर काम केलं. त्यांच्या कामाकडे आपल्या मत्स्यपेटीवाल्यांचं जेवढं लक्ष जायला हवं होतं तेवढं गेलेलं नाही, याचं मला वाईट वाटतं. ही झाडं पाहायला जा, उपटायला नको. टाकीसाठी रोपवाटिकेत वाढवलेली क्रिप्टोकोरिन, जावा फर्न, व्हॅलिस्नेरिया, हायग्रोफिला सहज मिळतात, आणि बेताच्या उजेडात तीच सर्वांत निभावून नेतात.

पुस्तिकेचा कल मंद उजेडाच्या टाकीकडे आहे, हे वाचकाला एव्हाना कळलं असेल. डायना वॉलस्टॅड या अमेरिकन बाईंनी १९९९ मध्ये लिहिलेल्या पुस्तकात साध्या मातीवर, बेताच्या उजेडात, वायूच्या सिलिंडरशिवाय टाकी कशी चालवावी ते सांगितलं. मला त्यांचा मार्ग आपल्या घरांना जवळचा वाटतो. सिलिंडरवाल्यांचा मार्ग चुकीचा नाही, पण त्याला रोज अर्धा तास लागतो, आणि तो अर्धा तास ज्यांच्याकडे आहे त्यांच्यासाठी वेगळी प्रकरणं दिली आहेत. त्यांतही क्रम तोच आहे : उजेड ठरवा, मग त्याला पुरेल एवढा वायू, मग खत.

शेवाळाच्या प्रकारांचं प्रकरण मी मुद्दाम लहान ठेवलं. काचेवर घट्ट हिरवे ठिपके आले की बहुधा स्फुरद कमी पडतंय. काळे, दाढीसारखे झुबके आले की वायूची पातळी रोज वरखाली होतेय. हे शेवाळ काळं दिसलं तरी ते लाल शेवाळाच्या कुळातलं. निळसर-हिरवा, वास मारणारा पापुद्रा तळाशी पसरला तर तो शेवाळ नव्हेच, सायनोजिवाणू. तिथे पाण्याचा प्रवाह आणि नायट्रेट दोन्ही तपासावं. नव्या टाकीत पहिल्या काही आठवड्यांत तपकिरी धूळ बसते, ती डायटमची. तिला हात लावू नका, बहुतेकदा आपोआप जाते.

शेवाळ मारायच्या औषधांना शेवटची दोनच पानं दिली आहेत. ग्लुटाराल्डिहाइड हे रुग्णालयात उपकरणं निर्जंतुक करायला वापरतात. तेच पातळ करून ‘द्रव कर्ब’ या नावाने विकलं जातं. शेवाळ त्याने मरतं, व्हॅलिस्नेरियाही विरघळते, आणि दिवा तोच राहिला तर पुन्हा तेच उगवतं. हायड्रोजन पेरॉक्साइड पिचकारीने थेट काळ्या झुबक्यावर मारलं, फिल्टर तेवढ्यापुरता बंद ठेवला, तर दोन दिवसांत झुबका गुलाबी होऊन मरतो. मेलेलं शेवाळ लगेच बाहेर काढायचं आणि अर्धं पाणी बदलायचं. मात्रा आणि दक्षता त्या दोन पानांत आहेत. ती पानं उघडण्याआधी खिडकीचा पडदा आणि टायमर एकदा बघून घ्या.